कानांच्या परीक्षेत पास

माजी सैनिकांच्या दवाखान्यात दातवाले डॉक्टर होते, हाडवाले डॉक्टर होते, म्हणून कान तपासणाऱ्या बाई आपोआप कानवाल्या बाई झाल्या. बाईंना हे नाव अजिबात पसंत नव्हतं. पण अकरा वर्षांत ते इतकं घट्ट चिकटलं की टपालसुद्धा त्याच नावाने यायला लागलं, तेव्हा त्यांनी नाद सोडला. स्वभावाने बाई तिखट. कोणी ‘जरा आटपा’ म्हटलं की हातातलं काम मुद्दाम सावकाश करणाऱ्या.

त्या दिवशी सकाळी मोठ्या डॉक्टरांनी नेमकं तेच म्हटलं. तोफखान्यातल्या एका निवृत्त माणसाची फाइल त्यांनी बाईंच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “ही तिसरी आणि शेवटची चाचणी. आजही कान चांगले निघाले तर फाइल बंद करून टाका. उगाच घोळ नको.”

फाइल बाईंच्या ओळखीची होती. अठ्ठावीस वर्षं तोफेवर काढलेला माणूस, कानाचं यंत्र मिळावं म्हणून अर्ज. नियम असा की नोकरीत कान गेल्याचं चाचणीत दिसलं पाहिजे, तरच यंत्र मिळणार. बाहेरून विकत घेणं त्या दोघा नवराबायकोंच्या आवाक्यातलं नव्हतं. गेल्या दीड वर्षात बाईंनी स्वतः दोनदा चाचणी घेतली होती. दोन्ही वेळा कान ठणठणीत निघाले आणि दोन्ही अहवालांवर बाईंचीच सही होती.

दवाखान्यात त्या माणसाला सगळे तोफवाले काका म्हणत. काका आले ते वेळेच्या दहा मिनिटं आधी, दाढी गुळगुळीत, बुटांना पॉलिश. मागून काकू. काकूंच्या गळ्याभोवती रुमाल होता. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं, जीव वाचला पण आवाज गेला. उरला तो कागद चुरगळावा तसा, अगदी जवळ गेल्याशिवाय न कळणारा. चढवायचा म्हटला तरी चढत नसे. आधीच्या दोन्ही वेळांना काकू बाईंच्या कानाशी लागून सांगत होत्या, “यांना खरंच ऐकू येत नाही हो. घरात आम्ही दोघंच. मी ओरडू शकत नाही, हे ऐकू शकत नाहीत. पाठ फिरली की बोलणं संपलं.”

बाईंनी तेव्हा ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. बायकोचं न ऐकणारे नवरे हा आजार त्या रोजच बघत. शिवाय समोर बसलं की काका फटाफट उत्तरं द्यायचे. चाचणीत पास, बोलण्यात पास. मग तक्रार कशाची?

“बसा आत,” बाईंनी काकांना सांगितलं.

आत म्हणजे कपाटाएवढी एक खोली. भिंतींना जाड स्पंज, दार बंद केलं की बाहेरचा खोकलासुद्धा आत जात नसे. समोर काचेची खिडकी. रुग्णाने खिडकीकडे तोंड करून बसायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि आवाज ऐकू आला की हातातलं बटण दाबायचं. खिडकीच्या बाहेर बाईंचं यंत्र. बाईंनी कळ दाबली की आत बारीक आवाज जायचा आणि यंत्रावर एक हिरवा दिवा लागायचा. काकू बाहेरच, दाराजवळच्या स्टुलावर.

बाईंनी उजवा कान सुरू केला. मोठा आवाज, बटण. लहान आवाज, बटण. अगदी मुंगीच्या पावलाएवढा आवाज, त्यालाही बटण. काका ताठ बसलेले, नजर समोर, अंगठा तयार. सोळा आवाज, सोळा वेळा बटण. बाई कागदावर खुणा करत गेल्या आणि मनात म्हणाल्या, या वयात माझे कान असे राहिले तरी पुष्कळ.

डावा कान घ्यायचा म्हणून त्या यंत्राची बाजू बदलायला वाकल्या, आणि वाकल्या त्या तशाच राहिल्या. हेडफोनची वायर यंत्राला लावलेलीच नव्हती. ती टेबलाखाली लोंबत होती. सकाळी पुसताना कोणीतरी यंत्र सरकवलं असणार. एरवी बाई रोज आधी स्वतः हेडफोन लावून खात्री करत. आज मोठ्या डॉक्टरांच्या ‘आटपा’वर चिडून त्या सरळ कामाला लागल्या होत्या.

म्हणजे आत एकही आवाज गेला नव्हता. आणि काका सोळापैकी सोळा गुण घेऊन बसले होते.

बाईंचं डोकंच सणकलं. अकरा वर्षांत त्यांनी नाटकं कमी पाहिली नव्हती. चांगलं ऐकू येत असून बहिऱ्याचं सोंग घेणारे आठवड्याला एक तरी यायचे. पण कानात काही नसताना ऐकू आल्याचं सोंग? त्याने कोणाचं भलं होतं?

त्यांनी वायर तशीच लोंबती ठेवली आणि पुन्हा कळ दाबली. काकांनी बटण दाबलं. मग बाई नुसत्याच बसून राहिल्या. काकाही बसून राहिले. मग बाईंनी दिव्यावर तळहात ठेवला आणि कळ दाबली. काकांचा अंगठा हलला नाही. हात काढून दाबली. लगेच बटण.

दिवा! पण दिवा तर बाईंच्या बाजूला, काकांना तो दिसणार कुठून? बाईंनी कळ दाबून धरली आणि मागे वळून पाहिलं. त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर दवाखाना सुरू झाल्यापासून एक काचेची तसबीर टांगलेली होती. सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, ‘आपल्या त्यागाबद्दल आम्ही सदैव ऋणी आहोत’. त्या काचेत, ‘ऋणी’ या शब्दावर, हिरवा ठिपका स्वच्छ दिसत होता. बाई ती काच दर सोमवारी स्वतः पुसत. चकचकीत राहावी म्हणून.

त्यांनी आतलं दार उघडलं आणि काकांच्या समोर उभं राहून एकेक शब्द सुटा करत विचारलं, “काका, तुम्ही दिवा बघून बटण दाबता?”

काका चोरी पकडल्यासारखे गोरेमोरे झाले. हेडफोन काढून त्यांनी मांडीवर ठेवले.

“मुद्दाम नाही हो,” ते म्हणाले. “दिवा दिसला की अंगठा दाबला जातो. सवय लागलीय.”

“कसली सवय? दोन वेळा मी तुम्हाला नापास करायला बसले होते आणि तुम्ही पास होऊन गेलात. तुम्हाला यंत्र हवंय ना?”

“हवंय की. पण चाचणी म्हटलं की पास व्हायचं असतं.” मग त्यांनाच ते विचित्र वाटलं असावं. ते म्हणाले, “आमच्याकडे दर वर्षी कान तपासायचे. कान कच्चे निघाले की तोफेवरून उतरवायचे आणि कोठारात ब्लँकेटं मोजायला बसवायचे. माझे कान नवव्या वर्षीच गेले. तेव्हापासून मी डॉक्टरांचं कोपर बघायचो. कोपर हललं की हात वर.”

“एकोणीस वर्षं?”

“हो. तोफेवर आम्ही सहा जण. पाच जणांना माझ्या हाताची सवय झालेली, मला त्यांच्या खुणांची. मी उतरलो असतो तर नवा माणूस आला असता. नवा माणूस दोन सेकंद मागे असतो. आणि तिथे दोन सेकंद म्हणजे...” काकांनी मांडीवरचे हेडफोन सरळ केले. “सहाच्या सहा घरी आलो. आता दोघं वारले, पण म्हातारपणाने.”

“कानात कापूस नाही घालायचात?”

“द्यायचे कापूस. पण तो घातला की हुकूम ऐकू येत नाही. मग मी काढून खिशात ठेवायचो.”

हे त्यांनी अशा थाटात सांगितलं जसं कोणी सांगावं, की पायाला चावतो म्हणून बूट काढून ठेवला.

काकू स्टुलावरून उठून दारात आल्या होत्या. त्यांनी बाईंचा दंड धरला आणि कानाशी तोंड नेलं. “मला यातलं काहीसुद्धा माहीत नव्हतं,” त्या म्हणाल्या. “दर वर्षी यांना कार्यक्रमाला बोलावतात. आभाराची भाषणं होतात. हे दुसऱ्यांचे हात बघून टाळ्या वाजवतात. एकदा यांचंच नाव पुकारलं, तर हे बसून सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, लाजले.”

बाईंना हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. ज्या माणसाने पाच जणांसाठी आपले कान देऊन टाकले, त्याला त्यांनी दोन वेळा ‘कान उत्तम’ असं लिहून घरी पाठवलं होतं, तेही त्या तसबिरीखाली बसून. तिच्यातलं वाक्य त्यांनी इतक्या वेळा पुसलं होतं की वाचायचं कधीच राहून गेलं होतं. आज पहिल्यांदाच त्यांना या माणसाबद्दल मनापासून कृतज्ञता वाटत होती, आणि ती बोलून दाखवावी असं वाटूनही तोंडातून निघालं ते भलतंच.

“काका, उठा. खुर्ची फिरवायचीय.”

त्यांनी तसबीर उतरवून तोंड भिंतीकडे करून ठेवली. खुर्ची स्पंजाच्या भिंतीकडे वळवली. वायर लावली, हेडफोन स्वतःच्या कानाला लावून तीनदा तपासले. मग काकांना बसवून त्यांच्या तोंडासमोर येऊन सांगितलं, “आता नापास झालात तरी चालेल. खरं तेच दाबायचं. हा माझा हुकूम समजा.”

“बरं,” काका म्हणाले आणि पाठ ताठ करून बसले.

बाईंनी कळ दाबली. काहीच नाही. आवाज वाढवला. काहीच नाही. आणखी वाढवला. काकांची मान थोडी कलली, पण अंगठा तसाच. काकू खिडकीच्या काचेला कपाळ टेकवून त्या अंगठ्याकडे बघत होत्या. अर्ध्याहून वर आवाज गेला, तेव्हा कुठे पहिलं बटण वाजलं. बारीक, किनऱ्या आवाजांना तर यंत्राचा आवाज पुरा चढवला तरी अंगठा हलला नाही. डावा कान उजव्याहून वाईट. कागदावर बाई ठिपक्याला ठिपका जोडत गेल्या आणि रेघ खाली खाली उतरत गेली.

चाचणी संपल्यावर बाईंनी अहवाल लिहिला. कान गेल्याचं कारण, तोफेचा आवाज. त्याखाली त्यांनी आणखी चार ओळी लिहिल्या, की आधीच्या दोन्ही चाचण्या चुकीच्या पद्धतीने झाल्या, त्या रद्द समजाव्यात, चूक तपासणाऱ्याची आहे. मोठे डॉक्टर यावर चांगलंच झाडणार हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी सही केली, नेहमीपेक्षा ठळक.

“मंजुरी यायला महिना जाईल,” त्या म्हणाल्या. “तोवर दवाखान्यातलं यंत्र वापरायला नेता येतं. आत्ताच लावून बघू.”

त्यांनी काकांच्या दोन्ही कानांना यंत्रं बसवली, रेघेप्रमाणे आवाज जुळवला. काका एकदम दचकले. स्वतःच्या बुटांचा आवाज ऐकून त्यांनी खाली पाहिलं. बाईंनी काकूंना खूण करून काकांच्या पाठीमागे उभं केलं.

“काकू, बोला काहीतरी.”

“काय बोलू?” काकू म्हणाल्या.

काकांनी चटकन दाराकडे पाहिलं. “कोण आलं?”

“कोणी नाही,” बाई म्हणाल्या. “काकू बोलल्या.”

“ही?” काका वळले आणि बायकोकडे बघत राहिले. “छे. हा हिचा आवाज नाही. हिचा आवाज मला माहीत नाही का?”

“माझाच आहे,” काकू म्हणाल्या.

या वेळी काकांना ओठ हललेले दिसले आणि आवाजही ऐकू आला, आणि दोन्ही एकाच माणसाचे आहेत हे त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटलं. ते उठले. काकूंच्या गळ्यावरच्या रुमालाला त्यांनी दोन बोटं लावली.

“ऑपरेशननंतर?”

काकूंनी मान डोलावली.

“डॉक्टर म्हणाले होते आवाज बसेल. मला वाटलं, पुढे परत आला. तुझे ओठ हलताना दिसले की मला तर तुझा जुनाच आवाज ऐकू यायचा.” काकांनी रुमालावरची बोटं काढून घेतली. “आणि मी रोज तुझ्यावर खेकसायचो. तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस, मोठ्याने बोल म्हणून. दुखायचं?”

“हो,” काकू म्हणाल्या.

कानवाल्या बाईंनी उगाचच फाइलची दोरी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

“आता हळू बोल,” काका म्हणाले. “मला ऐकू येतंय.”