ठेवून दे तिथंच!

अमरावतीच्या कठोरा रस्त्यावरील त्या सुशिक्षित वसाहतीत मे महिन्याच्या दुपारी माणसे राहत नाहीत. तेथे कूलर राहतात. ऊन माथ्यावर आले की दारे बंद होतात, खिडक्यांना लागलेले पत्र्याचे कूलर एका सुरात घरघरू लागतात आणि संध्याकाळपर्यंत या वसाहतीचा जगाशी संबंध उरतो तो दारासमोरच्या पायरीवर पडलेल्या खोक्यांपुरता. चपला, मिक्सरची भांडी, स्पर्धा परीक्षेची पुस्तके, पितळेची समई, जे जे मनुष्याने मोबाइलवर बोट टेकवून मागवले, ते ते त्याच्याच उंबरठ्याबाहेर उन्हात भाजत पडलेले असते. बेल सहसा कोणी वाजवत नाही. वाजवलीच, तर आतून आवाज येतो, "ठेवून दे तिथंच!" मग आणणारा खोके ठेवतो, त्याचा फोटो काढतो आणि मोबाइलच्या काचेवर स्वतःच्या बोटाने एक रेघोटी ओढतो. ती रेघोटी ही घरमालकाची सही मानली जाते. नागरिकहो, एखाद्या नामांकित भामट्याने जन्मभरात केल्या नसतील इतक्या खोट्या सह्या या वसाहतीत एका दुपारी होतात. फरक इतकाच की आपण भामटे आहोत, हे भामट्याला ठाऊक असते.

या व्यवस्थेचे जनक होते केशवराव गावंडे, वसाहतीचे अध्यक्ष आणि निवृत्त दुय्यम निबंधक. खरेदीखते, बक्षीसपत्रे, गहाणखते यांच्या नोंदणीत त्यांचे आयुष्य गेले. 'समक्ष' हा त्यांचा लाडका शब्द. लिहून देणारा समक्ष उभा राहिल्याशिवाय त्यांनी एकही दस्त नोंदवला नाही. खाटेवरून उठू न शकणाऱ्या एका म्हाताऱ्याला त्यांनी नातवाच्या पाठीवरून कचेरीचा जिना चढायला लावला होता, आणि ही हकिकत ते अजूनही अभिमानाने सांगत. निवृत्तीच्या दिवशी नारळ आणि शाल त्यांनी घरी आणली. समक्षतेचे व्रत मात्र कचेरीतच राहिले असावे. कारण अध्यक्ष होताच त्यांनी फाटकावर पाटी लावली: 'दुपारी बेल वाजवू नये. पार्सल पायरीवर ठेवून जावे.' साऱ्या वसाहतीने तिचे स्वागत केले. आपल्या आळसाला कोणीतरी सुवाच्य अक्षरांत नियमाचे रूप दिले, की शिकलेल्या माणसाला फार बरे वाटते.

केशवरावांच्या शेजारी पंचफुलाबाई खंडारे राहत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. सांध्यांच्या दुखण्याने त्यांची बोटे आल्याच्या गड्ड्यासारखी सुजलेली असत. ती बोटे वळती राहावीत म्हणून त्यांना ठरावीक दिवसांनी एक इंजेक्शन घ्यावे लागे. ते बर्फाच्या पिशव्यांत गुंडाळून मुंबईहून कुरिअरने येई, आणि उन्हात ठेवले तर वाया जाई. घरात दुसरी होती ती फक्त सून माया. ती अकोल्याच्या बँकेत नोकरीला. सकाळच्या गाडीने जाई, दिवेलागणीला परते. दुपारी पंचफुलाबाई एकट्या.

त्या मंगळवारी ते इंजेक्शन आले. आणणारा पुंजाराम, पन्नाशीचा, नांदगाव पेठेतल्या एका कापड कारखान्यातून कमी केल्यावर या धंद्यात आलेला. डब्यावर लाल अक्षरांत लिहिले होते: 'थंड ठेवा. प्रत्यक्ष हातात द्या.' त्याने बेल वाजवली. थोडे थांबून पुन्हा वाजवली. तोच शेजारच्या खिडकीतून, कूलरच्या घरघरीच्याही वर, केशवरावांचा आवाज कडाडला.

"कोण आहे रे तो? पाटी वाचता येत नाही का?"

"सायेब, दवाईचा डबा हाये जी. बाईच्या हातातच द्या म्हणून लिवलं हाये."

"म्हणून सगळी कॉलनी उठवतोस? ठेवून दे तिथंच!"

"अन् सही?"

"मार तूच! रोज मारता ना? चल, निघ आता!"

हे उद्गार एका निवृत्त दुय्यम निबंधकाचे आहेत, एवढे वाचकांनी कृपया ध्यानात ठेवावे. पुंजारामने डबा पायरीवर ठेवला, फोटो काढला, काचेवर बोट ओढले आणि गाडीला किक मारली. केशवराव कुशीवर वळले.

आत पंचफुलाबाई पलंगावरून उठल्या होत्या. त्यांच्या खोलीतून दारापर्यंत जाणे म्हणजे भिंतीला धरून केलेला एक प्रवास होता. त्या दाराशी पोहोचल्या तेव्हा बाहेर सामसूम होती. "कोन हाये?" त्यांनी विचारले. उत्तर नाही. एकट्या बाईने मुक्या दुपारी दार उघडू नये, असे सुनेने बजावले होते. शिवाय कडी सरकवणे म्हणजे बोटांत सुया खुपसून घेणे. त्या परत फिरल्या. दाराच्या फळीपलीकडे त्यांचे औषध उकळत राहिले.

संध्याकाळी मायाने डबा उचलला. बर्फाच्या पिशव्यांतले पाणी चहाला ठेवलेल्या पाण्यासारखे गरम होते. मोबाइलवर मात्र मजकूर झळकत होता: 'प्राप्तकर्त्यास समक्ष दिले. सही: पंचफुला खंडारे.' डॉक्टर फोनवर म्हणाले, "हे टोचू नका. दुसरं मागवा." दुसरे यायला आठवडा लागणार होता, आणि चुकलेली मात्रा बोटे माफ करत नाहीत, हे सासू-सून दोघींना अनुभवाने ठाऊक होते.

बातमी केशवरावांच्या कानी गेली आणि ते पेटले! "ही तर बनावट सही! फौजदारी गुन्हा आहे हा! वयोवृद्ध महिलेच्या जिवाशी खेळ! उद्या मी स्वतः येतो त्यांच्या ऑफिसात."

त्यांना त्याच दिवशीची दुपार आठवत नव्हती काय? खरोखरच आठवत नव्हती. खालच्या माणसाला दिलेला हुकूम हा हुकूम देणाऱ्याच्या स्मरणात राहतच नाही. तो फक्त ऐकणाऱ्याच्या स्मरणात राहतो. पत्नी लीलाबाईंनी मात्र नवऱ्याकडे एकवार निरखून पाहिले. "तुमी जाऊन राहिले? जा बाप्पा," एवढेच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मायाने रजा टाकली. पंचफुलाबाईही रिक्षात बसल्या. "आई, तुम्ही काहून त्रास घेता?" मायाने विचारले. "सही माह्या नावाची हाये नं? मंग मीच जाईन," त्या म्हणाल्या.

राजापेठेतल्या त्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नव्हती. खोक्यांचे डोंगर आणि मधल्या खिंडीत शाखेचा मालक गोवर्धन. केशवरावांनी उभ्याउभ्याच आपले भाषण सोडले. विश्वास, उत्तरदायित्व, नागरिकांचे हक्क. कुठलेही कलम सुटले नाही. "समक्ष!" ते टेबलावर बोट आपटून म्हणाले. "समक्ष या शब्दाचा अर्थ कळतो का तुम्हाला?"

गोवर्धन घाबरला, आणि घाबरलेला मालक करतो तेच त्याने केले. "पुंज्या, इकडं ये! ह्या सायबांच्या लाइनीत काल तूच होता नं? बाईची सही कोनं केली? तुले आत्ताच्या आत्ता काढून टाकतो पाह्य!"

पुंजारामने टोपी काढली. केशवरावांकडे तो टक लावून पाहत राहिला. चेहरा नवा होता, आवाज ओळखीचा.

"सायेब," तो म्हणाला, "तुमीच त म्हनलं."

"मी? मी काय म्हणालो?"

"खिडकीतून म्हनलं नं जी. ठेवून दे. सही मार तूच. रोज मारता ना, असंबी म्हनलं."

"खोटं बोलतोय हा! स्वतःची कातडी वाचवायला..."

"केशवराव." पंचफुलाबाई पहिल्यांदाच बोलल्या. "दोन बेला मी ऐकल्या. त्याच्या मांगून तुमचा आवाज ऐकला. कूलरनं शब्द कळले नाही. पन आवाज तुमचाच. मले वाटलं, कोनावर तरी ओरडून राहिले, नेहमीसारखे."

माया चकित होऊन म्हणाली, "आई, मग तुम्ही काल काहून नाही सांगितलं?"

"मी पाहून राहिली होती माय, हे सोताहून सांगतेत का ते. रिक्षातबी वाट पाह्यली. यायनं त भाषणच सुरू केलं."

मग पंचफुलाबाई वर्गात बोलत तशा बोलू लागल्या. आवाज न चढवता आणि कोणालाही न वगळता.

"सही म्हंजे काय, केशवराव? मी इथं होती, मी पाह्यलं, मले भेटलं, येवढंच. रात्रीच्या साक्षरता वर्गात बाया अंगठ्याची शाई लुगड्याले पुसून पाटी घेत. पह्यल्यांदा आपलं नाव लिहिलं का रडत. मी त्यायले सांगो, आता तुमच्या नावानं कोनी दुसरा बोलू शकत नाही. अन् काल तुमी दोघांनी मिळून मले माह्याच घरात गैरहजर केलं! दाराच्या आत मी जिती उभी, अन् बाहेर माह्या नावाची सही होऊनबी गेली. तुमाले झोप मोडाची नव्हती. ह्याले थांबाचं नव्हतं."

"बाई, मी पोटासाठी..." पुंजाराम पुटपुटला.

"पोट सगळ्यायलेच हाये. 'हातात द्या' हे तू वाचलं होतं. दार खंडारेचं होतं, खिडकी गावंडेची. हुकूम कोनाचा आयकाचा, येवढं तुले कळत होतं. त्यायनं सांगतलं म्हणून केलं, असं म्हणून तू सुटत नाही." मग त्या गोवर्धनकडे वळल्या. "अन् तुमी? एका मान्साच्या गाडीवर येवढे खोके लादता का त्याले दारात श्वास घ्याले फुरसत नाही. थांबला त तुमीच वरडता. ह्याले काढून तुमी कोनाले ठेवसान? दुसरा कोनी सही मारनाराच नं?"

आता सारे केशवरावांकडे पाहत होते. ते गप्प राहिले असते, तर काहीच बिघडले नसते: निवृत्त अधिकाऱ्याच्या शब्दापुढे कुरिअरवाल्याचा शब्द टिकला नसता, पुंजाराम संध्याकाळी घरी बसला असता आणि वसाहतीने अध्यक्षांचा सत्कार केला असता. समाज असेच चालतो, नागरिकहो! केशवरावांनी टेबलावर ठेवलेले बोट हळूच मागे घेतले.

"मी म्हणालो होतो," ते अगदी पुटपुटले.

"आँ? काय म्हणालात साहेब?" गोवर्धनने विचारले.

"मोठ्यानं," पंचफुलाबाई म्हणाल्या. "खिडकीतून बोलता तसं."

"मीच म्हणालो!" केशवराव ओरडले, आणि त्यांचा आवाज फाटला. "ठेवून दे, सही मार तूच, असं मीच म्हणालो! ह्याला काढू नका. गुन्हा पहिला माझा आहे."

या कबुलीत थोर असे काही नव्हते. रोजच्या सभ्यतेला जितके लागते तितकेच खरे ते बोलले. त्यालाही एका आजारी बाईला रिक्षात घालून आणावे लागले.

पुढचा आठवडा पंचफुलाबाईंनी भोगला. बोटे मिटेनात. माया सकाळी गाडीला निघण्यापूर्वी त्यांची वेणी घाली, पाण्याचा पेला भरून त्यात नळी ठेवी. दुपारचा घास लीलाबाई भरवीत. चौथ्या दिवशी लीलाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "आज तुमी ताट घेऊन चला माह्यासंगं. फाटकावरची पाटी उतरवली म्हणून झालं नाही. पाहा त एकदा." केशवराव गेले. भाकरीचा तुकडा मोडू पाहणारी आणि न मोडता आल्याने ताटातच राहिलेली ती बोटे त्यांनी पाहिली. ही समक्षता त्यांच्या कचेरीत कधी आली नव्हती. त्या दुपारी ते झोपले नाहीत.

इंजेक्शन पुन्हा आले ते भर उन्हातच. पुंजारामने बेल वाजवली आणि तो व्हरांड्याच्या सावलीत, डबा छातीशी धरून उभा राहिला. पुन्हा वाजवली. समोरच्या घरातून एक प्राध्यापक खेकसले, "अरे, ठेवून जा ना बाबा!"

"ठेवू नको!" केशवराव आपल्या खिडकीतून गरजले. "त्या येत आहेत. थांब!"

आतून भिंतीवरून सरकणाऱ्या हाताची खसखस आली. कडी हलली, अडली, पुन्हा हलली. कोणी घाई केली नाही. दार उघडले. पंचफुलाबाईंनी दोन्ही मनगटांवर डबा घेतला, लाल अक्षरे वाचली, बर्फ गार असल्याचे गालाला लावून पाहिले. मग डबा कोपरात धरून पुंजारामने पुढे केलेल्या काचेवर त्यांनी सुजलेल्या बोटाने आपले नाव काढायला घेतले. 'पंच' झाले, 'फु' अर्ध्यावर निसटला; त्यांनी तो पुसला आणि पुन्हा काढला. पुंजारामचा फोन मधेच वाजला, त्याने तो बंद केला.

नागरिकहो, आपल्या दारी आलेल्या माणसासमोर उभे राहण्याइतकेही आपण उरलो नसू, तर आपण त्या घरात राहतो असे म्हणण्याचा आपल्याला काय अधिकार? आपली वस्तू आपल्या हाताने घ्या, दुसऱ्याची तिच्या धन्याच्याच हातात द्या, आणि ज्याला दारापर्यंत यायला वेळ लागतो त्याच्यासाठी थांबा. यासाठी कायदा लागत नाही, शिक्षण तर मुळीच लागत नाही. उठावे मात्र लागते.