साडेसहाचं बोलावणं

मराठी माणसं कुठंही गेली की आधी मंडळ काढतात आणि मग त्या मंडळात भांडतात. बेंगळुरूतली मंडळी याला अपवाद असायचं काही कारण नव्हतं. जे. पी. नगरात प्रमोदिनीअक्कांच्या दिवाणखान्यात जमलेल्या सभासदांपुढं प्रश्न होता हॉलचा. संक्रांतीचं हळदीकुंकू दरवर्षीचं, ते सोडता येत नव्हतं. संक्रांतीला लागूनच येणाऱ्या सेना दिनाला जवानांचा सन्मान करायचं यंदा पहिल्यांदाच ठरलं होतं. आणि हॉल मिळत होता एकच संध्याकाळ.

"मग दोन्ही एकदमच करू," अक्का म्हणाल्या. त्यांच्या माहेरचं घराणं चार पिढ्यांपासून बेंगळुरूत. मराठी त्या कानडीच्या चालीवर बोलत आणि मंडळात त्यांचा शब्द शेवटचा असे. "पाचला बायकांचं हळदीकुंकू, साडेसहाला सत्कार. तुमचा तिळगूळ, इथलं तीळ-खोबऱ्याचं एळ्ळु-बेल्ल सगळं एकातच होऊन जाईल. सरी?"

सरी म्हणायला सगळे तयारच होते, पण अद्वैतला राहवलं नाही. अद्वैत आणि त्याची बायको कस्तुरी पुण्याहून नोकरीसाठी आलेले, मंडळात नवेच. "एक विचारू का? आर्मीचाच स्पेशल डे का करायचा? विजेच्या खांबावर चढणारा लाइनमन मरतो, गटारात उतरणारा मरतो. त्यांना कोण शाल देतं?"

देवघरात चपला घालून शिरलेल्या माणसाकडे पाहावं तसं सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. पाठिंबा मिळाला तो गॅलरीतून. तिथं अक्कांचे यजमान, निवृत्त सुभेदार सुब्बाराव, कॉफी पीत बसले होते.

"पोराचा प्रश्न बरोबर आहे," ते म्हणाले. "मला विचाराल तर दिवस वगैरे नकोच. कपाट भरलंय शालींनी. आणि आपल्या गावाला थंडी तरी कुठं असते एवढी?"

"तुम्ही स्वल्प गप्प बसा हो," अक्का म्हणाल्या आणि विषय तिथंच मिटला.

सत्कारासाठी नाव कस्तुरीनंच सुचवलं होतं. तिच्या हेब्बाळच्या ऑफिसात मैत्रेयी नावाची मैत्रीण होती. मैत्रेयीचा नवरा मेजर ऋतुराज तीन वर्षांपूर्वी सीमेवर मारला गेला होता. वीरपत्नी व्यासपीठावर, हा विचार सगळ्यांनाच पसंत पडला.

सभा संपल्यावर कस्तुरी कप ठेवायला स्वयंपाकघरात गेली. आत भागीरथीबाई तीळ भाजत होत्या. मंडळाचा तिळगूळ म्हणजे त्यांच्याच हातचा. त्यांचे यजमान बँकेत कारकून होते, ते जाऊन खूप वर्षं झाली. हळदीकुंकवाच्या दिवशी भागीरथीबाई हॉलच्या स्वयंपाकघरातच असत. तसं कुणी ठरवलेलं नव्हतं, आणि असं का, हे कुणी कधी विचारलंही नव्हतं.

अक्का मागोमाग आत आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "कस्तुरी, तुझ्या मैत्रिणीला साडेसहालाच बोलव हं. आधी नको."

"का हो अक्का?"

"अगं, सगळ्यांना कुंकू लावायचं आणि तिच्यापुढून तबक तसंच पुढं न्यायचं, बरं दिसतं का? तिलाच वाईट वाटेल. तिच्या भल्यासाठीच सांगते मी."

कढईतलं उलथनं क्षणभर थांबलं आणि पुन्हा फिरू लागलं. कस्तुरी "बरं" म्हणाली. तोंडातून ते "बरं" गेलं मात्र, तिच्या जिवाला घोर लागला. घरी जाताना रिक्षात अद्वैतनं "काय झालं?" विचारल्यावर ती त्याच्यावरच डाफरली. हे संसारी वाचकांना सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मैत्रेयीनंच विषय काढला. "ऐक ना, शनिवारी जाऊन काळी साडी आणते. संक्रांत म्हणजे काळीच हवी. किती वर्षांत नेसले नाही गं. के. आर. पुरमहून यायला ट्रॅफिक असेल, मी लवकरच निघेन. पाचला पोचते."

कस्तुरीनं हातातला इडलीचा तुकडा परत ताटलीत ठेवला. "पाचला काही नसतं तसं. सगळी तयारीच चालू असते. तू आरामात साडेसहाला ये."

 मैत्रेयीनं फोन काढून टेबलावर ठेवला. मंडळाची पत्रिका. पाच वाजता हळदीकुंकू, साडेसहा वाजता वीरपत्नीचा सन्मान. आदल्याच संध्याकाळी ती कस्तुरीनं स्वतःच्या हातानं तिला पाठवली होती.

"मला वाटलं, दोन्हीचं बोलावणं आहे," मैत्रेयी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर कस्तुरीला सोपं गेलं असतं.

"मैत्रेयी, मी नाही ठरवलं हे. त्यांचं म्हणणं, तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"टिकली मी रोज लावते, कस्तुरी. ती लावायला मला कुणाला विचारावं लागत नाही. पण चार बायकांच्या रांगेत आपल्यालाही कुणी हळदीकुंकू लावणं वेगळं असतं. ऋतुराज गेल्यावर मला खूप ठिकाणी व्यासपीठावर बसवलं. शाल, नारळ, टाळ्या. रांगेत मात्र कुणी बसवलं नाही. आणि एकदा शाल घेतली की बोलायचीही सोय राहत नाही. सत्कारमूर्तीनं तक्रार करायची नसते." तिनं डबा बंद केला. "माझ्याऐवजी दुसरं कुणीतरी बघा. मी नाही येत."

त्यानंतरचे दिवस कस्तुरीनं कसे काढले ते तिलाच ठाऊक. मेसेज लिहायचा, पुसायचा. मीटिंगमध्ये कुणी नाव घेतलं की दचकायचं. आपण काय वाईट केलं, निरोपच तर दिला, असं मनाची समजूत घालायची आणि दुसऱ्याच क्षणी ती समजूत उसवायची. सांगणाऱ्यानं एक सांगितलं, आपण मान हलवली. निम्म्या वाईट गोष्टी जगात अशाच तर होतात. शनिवारी सकाळी ती उठली आणि थेट जे. पी. नगरला गेली.

अक्का खोबऱ्याचे बारीक तुकडे करत होत्या. सुब्बाराव शेजारी बसून उसाचे करवे सोलत होते.

"मैत्रेयी येणार नाही," कस्तुरीनं उभ्या उभ्याच सांगितलं. "तिला सगळं कळलंय. आणि अक्का, तिचं बरोबर आहे. जिला आपण रांगेत बसवत नाही तिला व्यासपीठावर कुठल्या तोंडानं बसवायचं? मी निरोप दिला ही माझी चूक झाली."

अक्कांची सुरी थांबली. "मी काय वैरीण आहे का तिची? रीत आहे ती. माझ्या आजीनं पाळली, आईनं पाळली. मी कोण मोडणार? शिवाय बाकीच्या बायका काय म्हणतील?"

"प्रमोदिनी," सुब्बारावांनी ऊस बाजूला ठेवला. एरवी ते त्यांना नावानं हाक मारत नसत. "बेळगावच्या क्वार्टर्स आठवतात?"

अक्का पुन्हा खोबरं कापू लागल्या.

ते कस्तुरीकडे वळले. "कारगिलच्या वर्षीची गोष्ट, बाळ. आम्ही वर डोंगरात, बायका खाली क्वार्टर्समध्ये. युनिटची जीप गल्लीत शिरली की सगळ्या बायका दारात येऊन उभ्या राहायच्या. वाईट बातमी घेऊन जीप कुणाच्या दारी थांबते ते बघायचं. एक दिवस ती आमच्या दाराशी हळू झाली. मग पुढं गेली, शेजारी थांबली. कावेरीच्या दारात. तिचा नवरा आणि मी एकाच तुकडीत होतो. तो गेला तेव्हा माझ्यापासून हाताच्या अंतरावर होता."

"पुरे हो," अक्का हळूच म्हणाल्या.

"पुरे कसं? पुढच्या संक्रांतीला मी सुट्टीवर घरी आलो तेव्हा तू पहिली गोष्ट काय सांगितलीस? मी कसा आहे हेही विचारलं नाहीस. म्हणालीस, काल हळदीकुंकू झालं आणि कावेरीला कुणी बोलावलं नाही. भिंतीपलीकडे ती बसून होती, आणि इकडे आम्ही उखाणे घेत होतो. माझ्या घशाखाली तिळगूळ उतरला नाही, म्हणालीस. जीप दोन पावलं आधी थांबली असती तर भिंतीपलीकडे मी असते, हे तुझेच शब्द."

सुरी ताटात ठेवल्याचा आवाज झाला.

"अद्वैतनं विचारलं ना, सैनिकांचाच दिवस का?" सुब्बाराव पुढं म्हणाले. "शिपाई उपकार करायला जात नाही. पगार घेतो, पेन्शन घेतो. दुसऱ्यांपेक्षा तो मोठा, असंही मला वाटत नाही. पण निघताना एक गोष्ट गृहीत धरून निघतो, की माझं काही झालं तर मागे माझ्या माणसांना हे लोक आपल्यात ठेवतील. तेवढ्या भरवशावर तो उभा राहतो. हा भरवसा आपण पाळतो की नाही ते बघायला वर्षातून एक दिवस ठेवत असाल तर जरूर ठेवा. नुसती शाल द्यायची असेल तर माझ्या कपाटातल्या घेऊन जा."

अक्का उठल्या आणि आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. काय ठरलं ते कस्तुरीला कळलं नाही. पण जिना उतरता उतरता तिनं फोन लावला.

"मैत्रेयी, मी तुझ्याशी खोटं बोलले. माफ कर. उद्या पाचला ये. तिथं काय होईल मला माहीत नाही, पण मी तुझ्या शेजारी बसेन. तुझ्यापुढून तबक गेलं तर माझ्याही पुढून जाईल."

पलीकडून नुसतं "बघते" आलं.

रविवारी हॉल काळ्या साड्यांनी भरून गेला. कस्तुरीचा एक डोळा दाराकडे होता. तिनं शेजारची खुर्ची पर्स ठेवून अडवली होती, आणि "इथं कुणी आहे का?" असं विचारणाऱ्या प्रत्येकीला तिला "आहे" म्हणावं लागत होतं. तबक रांगेच्या टोकाला निघालं तरी खुर्ची रिकामीच. मग दारात मैत्रेयी दिसली. काळी साडी, पदराला बारीक लाल काठ. ती येऊन बसली. 

मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. "हिला कुणी सांगितलं नाही वाटतं?" असं कुणीतरी ऐकू जाईल इतक्या हळू म्हणालं. अक्का हळद लावत, कुंकू लावत, एकेक खुर्ची पुढं येत होत्या. त्यांचा चेहरा दगडासारखा होता, त्यावरून काही कळायला मार्ग नव्हता. कस्तुरीपुढं त्या थांबल्या तसं कस्तुरीनं कपाळ पुढं केलं नाही.

"आधी तिला," ती म्हणाली.

अक्का मैत्रेयीपुढं उभ्या राहिल्या. सगळा हॉल बघत होता. अक्कांचं बोट कुंकवाच्या करंड्यात गेलं आणि तिथंच थांबलं.

"लावू का गं?" त्यांनी विचारलं. आजवर त्यांनी कुणाला असं विचारलं नव्हतं.

मैत्रेयीनं मान हलवली.

हळद लागली, कुंकू लागलं! कुंकू जरा तिरकं गेलं. "बरीच वर्षं राहून गेलं होतं माझ्याकडून," त्या पुटपुटल्या. मैत्रेयीला त्याचा अर्थ कळला नाही. कस्तुरीला कळला, आणि खुर्च्या मांडायला आलेल्या सुब्बारावांना कळला. त्यांनी चष्मा काढून उगाचच पुसला.

मागच्या रांगेतल्या दोघी उठून गेल्या. बाकीच्या बसून राहिल्या. एक वयस्क बाई तर म्हणाल्या, "वीरपत्नी आहे हो ती. तिची गोष्ट निराळी. तिला चालतं."

अक्कांना हे वाक्य सोयीचं होतं. रीतही राहिली असती आणि मानही. पण मैत्रेयीनं वर पाहिलं. तिची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. तिथं भागीरथीबाई तिळगुळाचं ताट घेऊन, उंबऱ्याच्या आतच उभ्या होत्या. त्यांचे यजमान बँकेत कारकून होते, ते गेल्यापासून त्या आतच असतात, एवढं कस्तुरीनं तिच्या कानात सांगितलं.

"अक्का," मैत्रेयी म्हणाली, "माझा नवरा मेजर होता म्हणून मला, आणि त्यांचे कारकून होते म्हणून त्यांना नाही? मग हे कुंकू मलाही नको."

 अक्का तबक घेऊन हॉलच्या दुसऱ्या टोकाला चालत गेल्या. भागीरथीबाई दोन पावलं मागे सरल्या, ताट खाली ठेवून पदराला हात पुसू लागल्या. "माझं काय आता अक्का, या वयात," त्या म्हणत राहिल्या. पण त्यांनी कपाळ पुढं केलं.

साडेसहाला सन्मान झाला. सुब्बाराव ध्वनिक्षेपकापुढं उभे राहिले, तर मैत्रेयी जागची हलेना. "इथंच द्या," ती रांगेतूनच म्हणाली. मग सुभेदारसाहेब शाल घेऊन व्यासपीठावरून खाली उतरले. अद्वैत टाळ्या वाजवायला विसरला. त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्याला मिळालं असावं, कारण घरी जाईपर्यंत त्यानं वाद घातला नाही.

वाचकहो, सैनिकांसाठी एखादा दिवस असावा की नसावा यावर आपण खुशाल भांडूया, ते आपल्याला चांगलं जमतं. असावा, असं या गोष्टीनंतर मला वाटतं. पण तो दिवस हारतुऱ्यांनी सुरू करू नये. आधी आपल्या घरातली, आपल्या गल्लीतली रांग बघावी आणि तिच्याबाहेर आपण कुणाला उभं केलंय ते स्वतःला विचारावं. सैनिकाच्या नावानं एक दार उघडलं तर ते पुन्हा लावून घेऊ नये. मागून येणाऱ्यांसाठी उघडंच ठेवावं. शिपाई ज्या भरवशावर उभा राहतो तो भरवसा सगळ्यांचा आहे.

त्या संध्याकाळी तिळगूळ वाटला तो भागीरथीबाईंनीच. फरक इतकाच, की वाटून झाल्यावर त्या आत गेल्या नाहीत. कस्तुरीनं दुसऱ्या बाजूच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली, ती खुर्ची पुढं ओढली, आणि त्या तिथं बसल्या.