पास झालेलं यंत्र

आमच्या कारखान्यात कानाची यंत्रं बनतात. कामाला बसताना प्रत्येकीच्या मनगटाला पट्टा, पट्ट्याला वायर आणि वायर अर्थिंगला. दावणीला बांधल्यासारख्या बसतो आम्ही. अंगात साठलेली वीज बोटातून सर्किटवर उतरली की ते मरतं म्हणे. मोठ्या साहेबांना मात्र ही सगळी थेरं वाटायची.

म्हणून मुख्य कचेरीनं एक प्रशिक्षक पाठवले. आम्ही त्यांना झटकेमास्तर म्हणायचो. त्यांनी साहेबांसमोर एक उघडं सर्किट ठेवलं, अंगातला लोकरी स्वेटर खसकन काढला आणि सर्किटला बोट लावलं. चट्! ठिणगी आम्हीही पाहिली. सर्किट तपासलं, तर ठणठणीत. मास्तरांनी स्वेटर पुन्हा घातला, पुन्हा काढला. तरी ठणठणीत. आम्ही तोंडावर हात दाबून हसत होतो.

"जखम आत असते," मास्तर घामाघूम होऊन म्हणाले. "आज चालेल, पुढे कधीतरी दगा देईल. टाकून द्या ते."

"वा! म्हणजे मेलं तरी तुमचं खरं, जगलं तरी तुमचंच खरं," साहेब म्हणाले.

मास्तर हात हलवत परत गेले. साहेबांनी ते सर्किट यंत्रात बसवून घेतलं. "आईला हवंच आहे. इतकं कसून तपासलेलं दुसरं कुठे मिळणार?"

"साहेब, आईंना तरी दुसरं न्या," मी म्हटलं.

"मघाशी तुम्हीच हसत होतात ना?"



पुढे काही आठवड्यांनी साहेब जेवणाच्या सुट्टीत कुरकुरले, "आई फार हट्टी झालीय. हाक मारली तरी ढिम्म. मीही बोलणं सोडलंय. बघू किती दिवस रुसते."

"यंत्र तपासलंत का?"

"तुमच्यासमोरच पास झालंय ना ते!"

दुसऱ्याच दिवशी त्यांची आई आली. साहेब बैठकीत होते. मी खुर्ची दिली, कानाकडे बोट करून खुणेनंच विचारलं. तिनं यंत्राला मायेनं हात लावला.

"हे छान आहे गं, त्यानं स्वतः तपासून दिलंय," ती म्हणाली, इतक्या मोठ्यानं की सगळ्या जणी वळून बघू लागल्या. "पण घरात सगळे माझ्यापुढे नुसते पुटपुटतात. आणि तो तर बोलतच नाही. माझं काय चुकलं, तेवढं विचारशील का त्याला?"