मिलोची तुरट भाकर

"ही भाकर हाय का चामडं?" आसाराम बोटानं भाकर वाजवत म्हणाला. "आन् चव बघ हिची. जीभ टाळ्याला चिकटती."

रंगुबाईनं तव्यावरची नजर काढली नाही. "माझ्याकडं काय बघताय? मिलो आमेरिकेनं धाडली. तिला जाऊन इचारा."

बहात्तरच्या त्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळायची आणि तिच्या पिठाला विरी म्हणून नसायची. गार पाण्यात मळलं की भाकर थापतानाच फुटायची. म्हणून तिसगावच्या अंगाला असलेल्या त्यांच्या वस्तीवर घरोघर बाया पीठ ऊन पाण्यात मळायच्या. रंगुबाईला तेच पाहिजे होतं. तिच्या पातेल्यात नुसतं पाणी नव्हतंच मुळी. माहेरून आणलेली डाळिंबाची वाळकी सालं आणि चिमूटभर ओवा ती उकळायची, फडक्यानं गाळायची आणि त्याच पाण्यात पीठ मळायची. मिलो आधीच लाल, आधीच बेचव. त्यात आणखी थोडा तुरटपणा कुणाला कळतोय?

हगवण लागू नये म्हणून सरळ काढाच दिला असता, पण आसाराम म्हणजे उचकी लागली तरी दुसऱ्यानं सांगितलं म्हणून पाणी न पिणारा गडी. लगीन झाल्यावर पहिल्याच पावसाळ्यात तिनं काढ्याची वाटी पुढं केली, तर यानं ती नेऊन बैलाला पाजली. वर बैल कसा तरतरीत झाला ते चावडीवर सांगत बसला.

हसण्यावारी न्यावं असं मात्र हे नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात तिचा धाकटा दीर कानिफनाथ, चांगला धट्टाकट्टा, गढूळ पाण्यानं हगवण लागून तीन दिवसांत गेला. आता दोघं जात त्या पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर तसंच गढूळ पाणी पिंपात भरून ठेवलेलं बघितलं की तिला कानिफनाथ आठवायचा. नवरा कितीही आडमुठा असला तरी तो तिला पाहिजे होता.

सकाळची भाकर फडक्यात बांधली की ती निर्धास्त व्हायची. संध्याकाळच्या कण्यांत तुरटपणा लपत नसे, म्हणून सगळी भिस्त त्या एका भाकरीवर.

पण कामावर बाया एका बाभळीखाली जेवायच्या आणि गडी दुसऱ्या. गड्यांत एकमेकांची चतकोर चतकोर भाकर बदलून खायची रीत होती. शेजारच्या श्रीमंतची बायको गोजरबाई मिलोत थोडी बाजरी मिसळायची, भाकर मऊ व्हायची. आसाराम चतकोरावर थांबला नाही. रोज अख्खी भाकर श्रीमंतच्या गळ्यात मारायचा आणि त्याची मऊ भाकर हाणायचा. श्रीमंतही कुरकुरायचा नाही, कारण भाकरीबरोबर रंगुबाईचा ठेचा यायचा. ठेच्यासाठी त्यानं चामडंसुद्धा खाल्लं असतं.

मग कामावर हगवण सुरू झाली. एका सकाळी आसाराम टमरेल घेऊन ओढ्याकडं गेला तो परत येऊन पुन्हा गेला, आणि दुपारपर्यंत बाजेवर आडवा झाला.  एवढं करूनही हे कसं झालं, तेच रंगुबाईला कळेना.

तेवढ्यात श्रीमंत आला, हातातली शिळी भाकर चावतच. "वैनी, आमच्याकडं बी समदी आडवी हायेत. मी तेवढा टनटनीत."

"काय खाता वो तुमी भाऊजी?"

श्रीमंतनं बाजेकडं बघितलं. "तुमचीच भाकर की. आसाराम रोज बदलतो."

रंगुबाई नवऱ्याकडं वळली. तिला राग आला, रडू आलं, आणि त्यातच हसूही आलं. मग तिनं सालांचं सगळं सांगून टाकलं.

"माज्या भाकरीत इख घातलंस?" आसाराम कण्हत म्हणाला.

"इख आसतं तर भाऊजी गेले आसते."

श्रीमंतचं चावणं थांबलं.

बैलगाडी मागून आणून तिनं नवऱ्याला तिसगावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि पाणी उकळून प्या म्हणून दटावलं. गोळ्या, उकळलेलं पाणी आणि पेज यावर आठवड्यानं आसाराम भिंत धरून उभा राहिला. त्या दिवशी तिनं काढ्याची वाटी उघड उघड त्याच्यासमोर ठेवली. आसारामाची नजर गोठ्याकडं गेली.

"बैल छावनीत हाय," रंगुबाई म्हणाली.

त्यानं डोळे मिटून वाटी रिकामी केली. तोंड एवढं वाकडं केलं की ती पदरात हसली.

"भाकरीत बरा लागतो," तो म्हणाला. "उद्यापासनं भाकरीतच घाल. पन मला सांगू नको."

"न्हाई सांगत."

आसाराम कामावर परत गेला त्या दुपारी श्रीमंतनं सवयीनं आपली मऊ भाकर पुढं केली. आसारामानं ठेचा सगळाच्या सगळा त्याच्या हातावर ठेवला. आपली लाल भाकर मात्र धोतराच्या सोग्याखाली झाकली आणि त्याच्याकडं पाठ करून एकटाच चावत बसला.