टोपलीच्या बुडातला फोटो

मित्रांनो, मी इतिहासाचा निर्भय साक्षीदार आहे. साम्राज्य हादरलं, तेव्हा मी तिथेच होतो. नेमकं सांगायचं तर एका टोपलीच्या बुडाशी होतो, आणि हादरत मीच होतो.

मी एक जुना फोटो आहे. १९३० साली कळसाडीच्या पाच जणांनी सरकारी जंगलातलं गवत कापून कायदा मोडला आणि नंदुरबारहून फोटोवाला बोलावून, विळे-झेंड्यासह मला काढून घेतलं. स्वतःविरुद्धचा पुरावा पदरमोड करून तयार करणारी अशी माणसं सरकारला तरी कुठे मिळणार? त्यातल्या भटूचं अक्षर सुरेख. त्याने माझ्या पाठीवर पाचही नावं लिहिली, वडिलांच्या नावांसकट. पोलिसांची गैरसोय नको!

पंधरा दिवसांत झडत्या सुरू झाल्या. मी त्या पाचांतल्याच लोटनच्या घरी होतो.

"फाडी टाक तो," कपाशीत लपायला निघताना तो बायकोला, धनुबाईला म्हणाला. "समदासना नावं शेतस त्यामा."

"तुमना दुसरा फोटू शे का?"

दुसरा नव्हताच.

अंगणात तिचं टोपल्यांचं काम चाललं होतं. आमच्याकडे भिजवलेले कागद मेथ्यांबरोबर कुटून लगदा करतात आणि पालथ्या मडक्यावर थापून टोपली वाळवतात. घरातली चळवळीची पत्रकंही तिने माझ्यादेखत कुटली. मग मला उचललं. संपलं, असं मी समजलो. पण तिने माझ्या तोंडावर तेलाची चिंधी घातली, मडक्याच्या बुडावर लगद्याचा पातळ थर देऊन मला त्यावर पालथं ठेवलं आणि पाठीवर गारगार लगदा थापला.

तेवढ्यात हवालदार आला. घर उपसून झालं, तसा मडक्यापाशी थांबला.

"काय करी ऱ्हायनी व?"

"टोपली, दादा. ओली शे."

त्याने बोट खुपसलं. माझ्यापासून ज्वारीच्या दाण्याएवढं दूर! मी श्वास रोखला. फोटोला श्वास नसतो, हे त्या घाईत सुचलं नाही.

"मन्ही बायकोले जोयजे. वाळनी का हाईच धाडी दे."

धनुबाईचा हात थांबला. मी गेलो तर पाच जण तुरुंगात.

"हाई वाकडी शे दादा. वहिनी तुमलेच बोलतीन. दुसरी गोल करी देसू."

हवालदार विचारात पडला. त्याच्याही घरी कोणाचं तरी राज्य होतं. त्याने बोट काढून घेतलं.

पुढे सतरा वर्षं माझ्यावर भाकरी राहिल्या. उंदराच्या पावलांनीही मला कापरं भरे. मधेच लोटन तापाने गेला. स्वातंत्र्य आलं, तेव्हा धनुबाईने टोपली फोडली आणि मला शहाद्याच्या शाळेत आणलं. चेहरे वाचले होते. नावं लगद्याने पुसली होती.

गुरुजी मुलांना म्हणाले, "आधी नीट पाहा, मग बोला." मुलांनी अनवाणी पाय पाहिले, विळे मोजले, पाठीला चिकटलेली मेथीही शोधली.

"मधल्या माणसाने डोळे का मिटलेत?" गुरुजींनी विचारलं.

"प्रार्थना," एक म्हणाला. "भीती," दुसरी म्हणाली.

धनुबाईने तोंडाला पदर लावला. "मी समोर हुबी व्हतू. लाजनात."

एवढी वर्षं लोटनचा तो लाजलेला चेहरा माझ्यावर होता, मित्रांनो, आणि मलाच ठाऊक नव्हतं! म्हणून जुना कागद जपाच. पण त्याला ओळखणारं माणूस हयात असेल, तर आधी त्याच्यापाशी बसा. माझ्या पाठीवर आता तिने सांगितलेली पाच नावं पेन्सिलीने लिहिली आहेत. ती पुन्हा पुसली जातील, या धास्तीत मी असतो.

तेव्हा गुरुजी, तुमची चहाची बशी माझ्यावरून उचलता का? ती गळते आहे.