तीस पावलांची बोडकी ओळ

मायाक्काच्या लग्नाला पुरते सहा महिनेही झाले नव्हते, तोवर अख्ख्या गावानं शिवारात उभं राहून तिच्या अब्रूचा पंचनामा केला. साल एकोणीसशे बावीस. वळसंगपासून कोसभरावर सासऱ्यांचं, बिरप्पांचं शेत होतं, काळंभोर आणि चिवट. हस्ताचा पाऊस पडून गेला होता आणि शाळू पेरायचा होता. घरची रीत अशी, की नव्या सुनेनं चाड्यावर मूठ धरायची. चाडं म्हणजे तिफणीच्या डोक्यावरचं लाकडी वाडगं. त्यात मुठीनं दाणे सोडत चालायचं. ते तीन नळ्यांतून जमिनीत उतरतात आणि एका फेरीत तीन ओळी पेरून होतात. मायाक्काची मूठ माहेरीच तयार झालेली, ना दाट ना पातळ. पुढं बैलांना धरून नवरा गुंडा, मागं ही. दोघांना कामाला लावून बिरप्पा बाजाराला निघून गेले.

पहिल्याच फेरीत मधल्या नळीत चिखल बसला. मायाक्काला ते तिथल्या तिथं कळलं, कारण दाणे खाली उतरतात की नाही याची खबर आधी हाताला लागते. नवऱ्याला थांबवलं की झालं. पण हाक कशी मारायची? नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. लेकुरवाळ्या बायका ‘अमक्याचं बा’ म्हणून वेळ मारून नेतात, हिला अजून लेकरू कुठलं? आणि नुसतं ‘अवो’ म्हणायलाही आवाज फुटेना. ती खोकली. बांगड्या वाजवून झाल्या. एकदा तर मुद्दाम ठेचकाळली. गुंडाला वाटलं, नवरी मस्करी करतेय. मग गडी आणखीच ऐटीत चालू लागला, मागं वळून बघायची त्यालाही लाज. मधल्या नळीचे दाणे वरच्यावर सांडत होते, ते ती ओच्यात गोळा करत राहिली. दोघा लाजाळूंनी मिळून दिवसभरात तीन एकर रान असंच पेरून काढलं.

आठव्या दिवशी शाळू वर आला. एक ओळ हिरवी, मधली बोडकी, पुन्हा एक हिरवी. या बांधापासून त्या बांधापर्यंत सगळीकडं तेच. लोक बघायला आले, हसून हसून बेजार झाले.

बिरप्पांनी विचारलं, “नळी तुंबल्याली कळली न्हाय व्हय तुला?”

“कळली की, मामा.”

“मग?”

मायाक्का पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. बिरप्पा काय ते समजले. माणूस वाईट नव्हता. बोडक्या ओळींत त्यांनी करडई टोकली आणि त्या वर्षी घराला तेल विकत आणावं लागलं नाही. पण मूठ मात्र त्यांनी आपल्या विधवा बहिणीच्या, बनाबाईच्या हाती दिली. म्हणाले, “जिला हाक मारता येत न्हाय, तिनं चाड्याला हात लावू न्हाय.”

हे मायाक्काच्या जिवाला लागलं. तिला नाकीडोळी कुणी देखणी म्हणत नव्हतं, स्वयंपाकात हात तेवढा धड नव्हता. एक मूठ काय ती तिची होती, तीही गेली.

दोन वर्षांनी ज्ञानू झाला आणि हाक मारायला नाव मिळालं. मग काय विचारता. बाळंतीण उठून फिरायला लागली तशी “ज्ञानूचं बा, अवो ज्ञानूचं बा” सुरू झालं. काम असो नसो. गुंडा धावत यायचा आणि काम काही नाही हे कळल्यावर हसत परत जायचा. ज्ञानूच्या पाठीवर केरा झाली, केराच्या पाठीवर येडू. केराला समज आली त्या दिवशी तिनं आईला धरलं. “बा काय एकट्या ज्ञानूचा हाय? माझा न्हाय?” तिचं बघून येडूनंही भोकाड पसरलं. शेवटी मायाक्कानं वाटणी करून टाकली. सकाळी ज्ञानूचं बा, दुपारी केराचं बा, दिवेलागणीला येडूचं बा. एखाद्या वेळी चुकली की ज्याची पाळी बुडाली तो जेवायला बसत नसे. असं भरलं घर होतं, आणि मायाक्का त्यात सुखी होती. फक्त पेरणीच्या दिवशी पाण्याची घागर घेऊन बांधावर उभं राहायची वेळ आली, की बनाबाईच्या मुठीकडं बघून तिचे हात शिवशिवायचे.

तेहतीस साली बनाबाईच्या गुडघ्यांनी संप केला. बिरप्पांनी सुनेला बोलावलं. “औंदा तू धर. पन परत बोडकं रान दावलंस, तर मी हाय तवर मूठ इसर.”

मायाक्का रात्रभर नुसती कुशीवर वळत राहिली. सकाळी पदर खोचून तिफणीमागं उभी राहिली. बांधावर सासरे, त्यांच्या शेजारी बनाबाई, त्यांच्या पुढ्यात तिन्ही पोरं, म्हणजे चुकलं तर साक्षीदारांची कमी नव्हती. पहिल्या फेऱ्या सरळ गेल्या. हाताला जुनी ओळख पटली, मुठीतून दाणे धारेसारखे सुटू लागले. आणि रानाच्या मध्यावर तिला कळलं, की उजवी नळी तुंबली.

यावेळी तिनं क्षणही दवडला नाही. “अवो ज्ञानूचं बा, थांबा.”

गुंडा थांबला नाही. वारा सुटला होता, ऐकू गेलं नसेल. “केराचं बा,” ती आणखी मोठ्यानं म्हणाली. बैल चालतच होते. “अवो येडूचं बा.” बांधावर येडू उठून उभा राहिला, बाप काही उभा राहिला नाही. उजवी ओळ मोकळी चालली होती. अकरा वर्षांनी मिळालेली मूठ पावलापावलानं निसटताना दिसत होती. सासरे डोळ्यांवर हात धरून बघत होते. कसलाही विचार न करता मायाक्कानं पोटातून हाक मारली.

“गुंडा, थांब.”

बैल थांबले. बांधावर बनाबाईनं पदर तोंडाला लावला. पोरांनी आ वासला. बापाला असं नुसत्या नावानं फक्त आजा हाक मारत असे, म्हणून येडू आज्याच्या तोंडाकडं बघू लागला. मायाक्काला वाटलं, धरणी फाटावी. गुंडा खाली मान घालून आला, काडीनं नळी मोकळी केली आणि परत पुढं गेला. त्याचे कान लाल झाले होते.

बिरप्पा उठले. त्यांनी खाकरून घसा साफ केला. “थांबली न्हवं तिफन? मग बगताय काय, हाना फुडं.”

एवढंच. मूठ राहिली. मायाक्कानं उरलेलं रान कसं पेरलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

आठवड्यानं शाळू उगवला, तेव्हा सगळं रान भरगच्च होतं. मध्यावर एकाच ओळीत तेवढी जागा बोडकी होती. बिरप्पांनी ती पावलांनी मोजली. तीस भरली.

“वारं एवडं काय नव्हतं,” ते लेकाला म्हणाले. “बांधावर आमाला सगळं ऐकू आलं. तुजं कान तर शाबूत हायत. मग हितपतूर कसा गेलास?”

गुंडा मुंडासं सोडून परत बांधू लागला. बिरप्पांनी एकदा लेकाकडं, एकदा सुनेकडं पाहिलं आणि नातवंडांना घेऊन लगबगीनं बांधापलीकडं चरणाऱ्या मेंढरांकडं निघाले.

“ऐकलं हुतं?” मायाक्कानं विचारलं.

“पयल्याच हाकंला.”

“मग थांबला का न्हाय?”

“तू ज्ञानूच्या बाला हाक मारलीस. मग केराच्या, मग येडूच्या,” गुंडा जमिनीकडं बघत म्हणाला. “नऊ वर्सं त्यास्नीच मारतीयास. मला मारलीस, तवा मी थांबलो की.”

मायाक्काला राग यायला हवा होता. याच्या हौसेपायी तिची मूठ जाता जाता राहिली होती. पण राग आला नाही. हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले.

तिकडून बिरप्पांनी विचारलं, “त्या वळीत करडई टोकायची न्हवं?”

“नगं, मामा,” मायाक्का साऱ्या रानाला ऐकू जाईल अशी म्हणाली. “ऱ्हाऊ द्या तशीच.”