तोकुमारूचे हसू

“आज तुमचं एकटीचंच रेकॉर्डिंग, तोमिए-सान. बाकीचे उद्या येतील,” असे म्हणून दिग्दर्शक हिराता टेबलावरची पाने उगाचच सारखी करू लागला.

तोमिए साकुमाने हातमोजे काढता काढता त्याच्याकडे रोखून पाहिले. तोकुमारू या खोडकर पोराला तिने ऐन तारुण्यात आवाज दिला होता. ती सत्तरी ओलांडून गेली; कार्टूनमधले ते पोर मात्र दर शनिवारी टीव्हीवर अजून तिसरीतच होते.

“एकटीचं का? मला काय देवी आल्यात?”

“छे हो. तारखा जुळत नव्हत्या.”

“तुला खोटं बोलता येत नाही, हिराता. म्हणूनच तू नट झाला नाहीस.”

हाती आलेल्या पानावर वाक्य एकही नव्हते. हसणे, हुंदका, ठेच, जांभई, एवढेच.

“याची चित्रं कुठायत?”

“चित्रं मागाहून होतील.”

काचेपलीकडे मिवा इशिगुरो बसली होती. वर्षानुवर्षे गर्दीतले आवाज देणारी, कधी भाजीवाली तर कधी कावळा होणारी बाई. आज तिला काम नव्हते. मग ती येथे कशाला? तोमिएच्या मनातील संशय पक्का झाला. आपल्याकडून साचा काढून घ्यायचा आणि त्यात हिला ओतायचे, असा हा बेत होता.

तर मग साचा खोटाच द्यायचा. ती माईकसमोर उभी राहिली आणि हसली. हसू मोकळे होते, गोड होते. पण तोकुमारूचे नव्हते.

“छान. पुढचं घेऊ,” हिराता म्हणाला.

डाव साधला होता, तरी तिला ते लागले. इतकी वर्षे काचेमागे बसून या माणसाने ऐकले तरी काय?

मधल्या सुट्टीत तोमिए बाहेरच्या बाकावर बसली, तेव्हा मिवा कोमट चहा घेऊन आली.

“रागावणार नसाल तर एक बोलू?”

“बोल बाई. आज सगळे जपूनच बोलताहेत माझ्याशी.”

“तो तसा हसत नाही. आधी हवा आत ओढतो, मग फुटतो.”

तोमिएचा पेला ओठांशीच थांबला. “हिराताला सांगितलंस?”

“नाही.”

“का? चहाडी केली असतीस तर नाव झालं असतं.”

मिवाने मान खाली घातली. “एप्रिलपासून तोकुमारूचा आवाज मी द्यावा, असं मला विचारलंय. तुम्हाला कुणी सांगितलंच नाही, हे आज इथे आल्यावर कळलं. मी अजून होकार दिलेला नाही.”

“म्हणजे माझी परवानगी मागतेस?”

“हो.”

“एक तर तू फार भोळी आहेस, नाही तर फार पक्की.” तोमिएने पेला खाली ठेवला. मग ती उठून हिराताच्या खोलीच्या दाराशी गेली. “हिराता, मागच्या भागातलं चित्र लाव. चित्राशिवाय तो हसत नाही. आणि हिला माझ्याबरोबर माईकपाशी येऊ दे.”

पडद्यावर तोकुमारू नदीकाठच्या उतारावरून धावत आला, घसरून आपटला आणि आभाळाकडे पाहून हसला. तोमिएने श्वास आत ओढला. ते हसू फुटले तेव्हा हिरातानेही मान वर केली.

पोर उठले आणि पुन्हा घसरले. खोली नटांनी भरलेली असली की आपले वाक्य संपलेला माणूस पायांचा आवाज न करता मागच्यासाठी माईक सोडतो. तशीच तोमिए मागे उभ्या असलेल्या मिवासाठी अर्धे पाऊल डावीकडे सरकली.

मिवा जागची हलली नाही. पडद्यावर पोराचे तोंड आवाजाविना उघडत राहिले.

पडद्यावरची नजर न काढता तोमिए आणखी एक पाऊल बाजूला झाली.